परक्या मांडीवर वाढलेलीं मुलें

देवकीनें जन्म दिला आणि यशोदेनें वाढविलें, ही कथा आपल्यापैकीं बहुतेकांनीं आजीच्या तोंडून ऐकलेली आहे. नाईल नदीच्या लव्हाळ्यांत ठेविलेल्या मोशेला राजकन्येनें उचलून घेतलें, ही कथाहि आपल्या वर्गांतून दरवर्षीं सांगितली जाते. दोन्ही कथांत मूल परक्या घरीं वाढतें आणि पुढें थोर होतें. ऐकणारा समाधानानें निजतो. परंतु यशोदा भेटलीच नसती तर काय झालें असतें, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. एखादें मूल कोणाच्याहि मांडीवर न वाढतां केवळ वेळच्या वेळीं दूध, अंगावर कपडा आणि डोक्यावर छप्पर एवढ्याच आधारावर वाढलें, तर तें कसें होईल?

हा प्रश्न नुसत्या कल्पनेचा नव्हे. युरोपच्या पूर्व भागांतील रुमानिया देशांत तो हजारों मुलांच्या बाबतींत प्रत्यक्ष उभा राहिला, आणि बुखारेस्ट या राजधानीच्या शहरीं कांहीं शास्त्रज्ञांनीं वर्षानुवर्षें खपून त्याचें उत्तर शोधिलें. तीच हकीकत आज आम्ही विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सांगणार आहों.

प्रथम एका शब्दाचा अर्थ स्पष्ट केला पाहिजे. दत्तक घेणें आणि प्रतिपालन करणें यांत भेद आहे. दत्तक मुलास नवें नांव, नवें कुळ आणि वारसा मिळतो. तें कायमचें त्या घरचें होतें. प्रतिपालक घरांत मूल कांहीं काळासाठीं सोंपविलेलें असतें. त्याची अखेरची जबाबदारी सरकारची राहते. घरच्या माणसांस त्याच्या खर्चासाठीं, व कित्येक देशांत त्यांच्या श्रमांसाठींहि, ठराविक रक्कम मिळते. आणि मधून मधून कोणी अधिकारी येऊन मूल कसें आहे तें पाहून जातो. पैसे घेऊन केलेली माया ती कसली, असें कोणी म्हणेल. आम्हांसहि आरंभीं तसेंच वाटलें होतें. पुढील मजकूर वाचून वाचकांनीं आपलें मत ठरवावें.

१९६६ च्या आक्टोबर महिन्यांत रुमानियाचा सत्ताधीश निकोलाय चाउशेस्कु याच्या सरकारनें ७७० क्रमांकाचा एक हुकूम काढून गर्भपातावर जवळजवळ संपूर्ण बंदी घातली. लोकसंख्या वाढली म्हणजे कामगार वाढतील आणि कामगार वाढले म्हणजे देश बलाढ्य होईल, असा त्याचा हिशेब होता. ज्यांस मूलबाळ नाहीं अशा प्रौढांवर निराळा करहि बसविण्यांत आला. मुलें तर जन्मलीं. परंतु गरीब घरांत त्यांस पोसण्याचें बळ नव्हतें. अशा आईबापांस सरकारनें आपल्या संस्थांचीं दारें उघडून दिलीं. मूल आमच्या हवालीं करा, सरकार त्यास तुमच्याहून चांगलें वाढवील, असें त्यांस सांगण्यांत येई. १९८९ च्या डिसेंबरांत क्रांति झाली, २५ तारखेस चाउशेस्कुला गोळ्या घालण्यांत आल्या, आणि मग बाहेरच्या जगास कळलें कीं, या देशांतील संस्थांत दीड लाखाहून अधिक मुलें आहेत. त्यांतील पुष्कळ मुलें अनाथ नव्हतींच. त्यांचे आईबाप जिवंत होते.

तान्ह्या मुलांच्या या संस्थांस रुमानियन भाषेंत जें नांव होतें, त्याचा अर्थ 'पाळणा' असा आहे. नांवाची याहून क्रूर थट्टा क्वचितच झाली असेल. लांबच लांब दालनांत लोखंडी खाटुल्यांच्या ओळी, आणि प्रत्येक खाटुलींत पांढऱ्या छताकडे पाहत पडलेलें एक मूल. दहा-बारा, कोठें त्याहूनहि अधिक मुलांमागें एक दाई, आणि तीहि पाळी संपली म्हणजे बदलणारी. दूध पाजण्याची वेळ ठरलेली, लंगोट बदलण्याची वेळ ठरलेली. मुलाला भूक केव्हां लागली याच्याशीं त्या वेळेचा कांहीं संबंध नसे. तेथें गेलेल्या लोकांच्या मनावर सर्वांत अधिक परिणाम झाला तो तेथील शांततेचा. इतकीं तान्हीं मुलें एका जागीं, आणि रडण्याचा आवाज नाहीं! रडणें ही तान्ह्या मुलाची हांक असते. हांकेला कधींच ओ मिळाली नाहीं म्हणजे तें हांक मारणेंच सोडून देतें. कित्येक मुलें तासन् तास अंग मागेंपुढें झुलवीत बसत. ज्यास कोणी जोजवीत नाहीं तें मूल आपणच आपणांस जोजवीत असतें, असें तें पाहणाऱ्यास वाटल्यावांचून राहत नाहीं. तिसरें वर्ष लागलें म्हणजे मुलांची तपासणी होई. धडधाकट मुलें मोठ्या मुलांच्या संस्थेंत जात. ज्यांच्यावर 'न सुधारण्याजोगें' असा शिक्का बसे, त्यांस याहूनहि वाईट ठिकाणीं पाठविण्यांत येई. ज्या मुलाशीं तीन वर्षें कोणी बोललें नाहीं, त्यास बोलतां येत नाहीं म्हणून मंदबुद्धि ठरविण्याचा हा न्याय होता.

संस्थेंत मूल खुरटतें ही गोष्ट त्यापूर्वीं अगदींच अज्ञात होती असें नाहीं. रेने स्पिट्झ नांवाच्या वैद्यानें १९४५ सालीं दोन ठिकाणच्या तान्ह्या मुलांची तुलना प्रसिद्ध केली होती. एक होतें स्वच्छ व नीटनेटकें अनाथगृह. दुसरी तुरुंगांतील बालशाळा, जेथें कैदी स्त्रिया आपल्या मुलांस स्वतः सांभाळीत. अनाथगृहांतील ९१ मुलांपैकीं ३४ मुलें दोन वर्षांच्या आंत दगावलीं. तुरुंगांतील मुलें मात्र आयांच्या कडेवर खेळत वाढलीं. या लेखावर पुढें टीकाहि पुष्कळ झाली. दोन्हीकडील मुलें मुळांतच सारखीं होतीं कशावरून, असा आक्षेप होता, आणि तो रास्त होता.

येथें विद्यार्थ्यांनीं थोडें थांबून विचार करावा. समजा, एका शाळेंत दोन तुकड्या आहेत. शिक्षकांनीं हुशार मुलें निवडून 'अ' तुकडींत घातलीं आणि वर्षअखेर त्या तुकडीचा निकाल चांगला लागला. तो शिकविण्याच्या पद्धतीमुळें लागला कीं निवडीमुळें? सांगतां येणार नाहीं. प्रतिपालक घरांचेंहि तसेंच आहे. घरीं नेणारी माणसें बहुधा हंसरें, गुटगुटीत मूल पसंत करितात. आजारी, मलूल मूल मागें राहतें. पुढें घरांतील मूल सरस निघालें तर श्रेय घराचें कीं पहिल्याच निवडीचें? हा पेंच सुटण्यास एकच मार्ग असतो: निवड माणसाच्या हातीं न ठेवतां चिठ्ठ्या टाकाव्या.

चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स व चार्ल्स झीना या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांनीं नेमकें तेंच केलें. या शतकाच्या आरंभीं त्यांनीं रुमानियन सहकाऱ्यांसह बुखारेस्टमधील सहा संस्थांतील १८७ मुलें तपासलीं. ज्यांस जन्मजात गंभीर व्याधि होती तीं वगळून १३६ मुलें ठेविलीं. सर्वांत लहान सहा महिन्यांचें, सर्वांत मोठें एकतीस महिन्यांचें. मग चिठ्ठ्या टाकल्या. ६८ मुलें प्रतिपालक घरीं जावयाचीं, ६८ पूर्वीं होतीं तशींच राहावयाचीं. तुलनेसाठीं त्याच शहरांतील, आपापल्या आईबापांच्या घरीं वाढणारीं ७२ मुलेंहि घेतलीं.

हें वाचतांना आमचे हात थांबले, हें आम्ही लपवीत नाहीं. एका चिठ्ठीनें एका मुलास आई मिळाली आणि शेजारच्या खाटुलींतील मुलास मिळाली नाहीं! शास्त्राच्या नांवानें असें करण्याचा अधिकार कोणास आहे? हा प्रश्न त्या शास्त्रज्ञांसहि अनेकांनीं विचारला, आणि त्यांनीं तो टाळला नाहीं. त्यांचें म्हणणें असें कीं, त्या वेळीं बुखारेस्टमध्यें प्रतिपालक घरें जवळजवळ नव्हतींच. प्रयोग झाला नसता तर १३६ च्या १३६ मुलें संस्थेंतच राहतीं; प्रयोगानें कोणाचेंहि पूर्वीपेक्षां अधिक वाईट झालें नाहीं. शिवाय संस्थेंतच मुलांचें हित आहे असें मानणारे अधिकारी देशांत पुष्कळ होते, आणि त्यांस पटविण्यास निर्विवाद पुराव्याची गरज होती. त्यांनीं दोन नियमहि घालून घेतले. एकदां घरीं गेलेलें मूल केवळ प्रयोगासाठीं संस्थेंत परत आणावयाचें नाहीं. आणि संस्थेंत राहिलेल्या मुलास पुढें सरकारनें घर शोधून दिलें, किंवा त्याचे आईबाप त्यास नेण्यास आले, तर प्रयोगासाठीं अडवावयाचें नाहीं. हीं उत्तरें आम्हांस बुद्धीनें पटतात. मन मात्र त्या दुसऱ्या खाटुलीकडे पुनःपुन्हां वळतें, आणि तें वळूं नये असें आम्हांस वाटत नाहीं.

६८ मुलांसाठीं ५६ कुटुंबें मिळालीं. कांहीं घरांनीं एकाहून अधिक मुलें घेतलीं. या कुटुंबांस वेतन मिळे, पण त्याबरोबर एक गोष्ट बजावून सांगितली जाई: मूल आपलेंच समजून त्यावर जीव लावा, पुढें द्यावें लागेल या भीतीनें हात आखडता घेऊं नका. समाजसेविका वरचेवर घरीं जात. मूल रात्रभर झोपत नाहीं, जेवण तोंडांत धरून बसतें, कडेवर घेतलें तर अंग ताठ करितें, अशा तक्रारी त्या ऐकत आणि आईचा धीर सुटूं देत नसत. वेतनाविषयींची आमची शंका येथें बरीच निवळली. पगार घेऊन शिकविणारा शिक्षक विद्यार्थ्यांवर माया करीत नाहीं, असें आपण म्हणत नाहीं. मग हाच नियम या स्त्रियांस कां लावूं नये?

आतां निकाल. बुद्धि मोजण्याच्या परीक्षांत सर्वसाधारण मुलाचा अंक १०० धरलेला असतो. मुलें साडेतीन वर्षांचीं झालीं तेव्हां संस्थेच्या गटाची सरासरी ७७ आली, प्रतिपालक घरच्या गटाची ८६, आणि आईबापांजवळ वाढलेल्या मुलांची १०३. म्हणजे घरानें नऊ अंक मिळवून दिले, तरी सतरा अंकांचें अंतर उरलेंच. परंतु खरी गोष्ट सरासरींत नव्हती; ती पुढें दिसली. घरीं गेलेल्या मुलांची विभागणी गेल्या वेळच्या वयानुसार केली, तेव्हां आढळलें कीं, अठरा महिन्यांपूर्वीं घरीं गेलेल्यांचा अंक ९४, अठरा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान गेलेल्यांचा ८९, आणि त्यानंतर गेलेल्यांचा सुमारें ८०. दोन वर्षांनंतर घरीं गेलेलें मूल या परीक्षेंत संस्थेंतल्या मुलाच्या फारसें पुढें नव्हतें.

शेतकऱ्याच्या घरच्या मुलांस हें समजावून सांगावयास नको. पाऊस पडून गेल्यावर जमिनीला वाफसा येतो. त्या वेळीं पेरलें तर बीं जोमानें उगवतें. वाफसा निघून गेल्यावर पेरलें तर उगवतच नाहीं असें नाहीं, पण तें पीक वेगळें. मेंदूचेंहि असेंच आहे, आणि प्रत्येक गुणाचा वाफसा निरनिराळा आहे. भाषेचा फार लवकर येतो. पंधरा महिन्यांच्या आंत घरीं गेलेलीं मुलें पुढें शेजारच्या मुलांसारखीं बोलूं लागलीं. दोन वर्षांनंतर गेलेल्यांची भाषा संस्थेंतल्या मुलांइतकीच मागें राहिली. मेंदूंतील सूक्ष्म विद्युत् लहरी मोजण्यासाठीं मुलांस एक टोपी घालीत असत. दोन वर्षांपूर्वीं घरीं गेलेल्या मुलांच्या लहरी आठव्या वर्षीं आईबापांजवळ वाढलेल्या मुलांसारख्याच दिसूं लागल्या.

लळ्याची परीक्षा सर्वांत साधी. मूल आणि त्यास सांभाळणारी स्त्री एका अनोळखी खोलींत बसतात. कांहीं वेळानें ती बाहेर जाते आणि पुन्हां येते. लळा लागलेलें मूल ती गेली कीं रडतें, आली कीं धांवत जाऊन बिलगतें आणि थोड्या वेळांत पुन्हां खेळूं लागतें. लळा न लागलेल्या मुलास कोणी गेलें काय आणि आलें काय सारखेंच. किंवा तें जवळ जातें आणि मध्येंच थबकतें. साडेतीन वर्षांच्या वयांत असा सुरक्षित लळा संस्थेंतील मुलांत शंभरीं सुमारें सतरा-अठरांस लागलेला होता, आईबापांजवळच्या मुलांत पासष्टांस, आणि प्रतिपालक घरांतील मुलांत एकोणपन्नासांस. शरीरावरहि परिणाम झाला. घरीं गेल्यावर वर्षभराच्या आंत मुलांची उंची व वजन झपाट्यानें भरून आलें. डोक्याचा घेर मात्र तसा भरून आला नाहीं. तेंच दूध, तीच भाकरी. पण कुशींत घेऊन दिलेली अधिक अंगीं लागली असें म्हणावें काय? शास्त्रज्ञ इतक्या मोकळेपणानें बोलत नाहींत. प्रेमळ काळजी मिळालेल्या मुलांची वाढ अधिक झाली, एवढें ते सांगतात.

सर्वच भरून आलें असेंहि नाहीं. एकाग्र चित्तानें बसणें, हातचें काम शेवटास नेणें, मनांत आलेली गोष्ट आवरणें यांत प्रतिपालक घरचीं मुलेंहि पुष्कळ अंशीं मागेंच राहिलीं. वर्गांत सतत चुळबुळ करणारें, सांगितलेलें लगेच विसरणारें एखादें मूल दिसलें म्हणजे त्याला हूड ठरविण्याची आम्हां शिक्षकांस घाई असते. त्याचीं पहिलीं दोन वर्षें कोठें गेलीं, हें आम्ही विचारीत नाहीं.

दुसरी एक गोष्ट मुलें बारा वर्षांचीं झाल्यावर लक्षांत आली. जीं मुलें पहिल्या प्रतिपालक घरींच टिकलीं त्यांची प्रगति चांगली होती. ज्यांस पुढें घरें बदलावीं लागलीं त्यांचा लाभ बराचसा ओसरला होता. अठराव्या वर्षींहि हाच अनुभव आला. लवकर मिळालेलें घर आणि न सुटलेलें घर, या दोहोंचा मिळून उपयोग झाला.

घर म्हटलें कीं तें चांगलेंच, असें समजण्याचीहि चूक होतां कामा नये. वेल्समधील डेनिस ओनील या मुलाची हकीकत इंग्लंडांत आजहि विसरलेली नाहीं. न्यूपोर्ट येथील अधिकाऱ्यांनीं त्यास व त्याच्या भावास १९४४ सालीं श्रॉपशायरमधील एका शेतकऱ्याच्या घरीं ठेविलें. तेथें त्यांस उपाशी ठेवीत आणि मारीत. डिसेंबरांत एक बाई पाहणीस आल्या. मुलांस तेथून हलवावें असें त्यांनीं कळविलेंहि. पण कागद वेळेवर हालले नाहींत, आणि ९ जानेवारी १९४५ रोजीं बारा वर्षांचा डेनिस मरण पावला. देश हळहळला, चौकशी झाली, आणि १९४८ सालीं इंग्लंडांत मुलांविषयींचा नवा कायदा झाला. बुखारेस्टच्या घरांत समाजसेविका वरचेवर जात, हें आम्ही मागें सांगितलेंच. घर आणि त्या घरावरची नजर या दोन्ही गोष्टी लागतात.

आमच्या वसतिगृहांतील मुलांच्या आया हें वाचून घाबरतील, म्हणून एक शब्द. पांचवीसहावींतलें मूल आईची माया पोटभर घेऊन वसतिगृहांत येतें, सुटींत घरीं जातें आणि पत्राची वाट पाहतें. ज्यास वाट पाहण्यास कोणी आहे, त्याची गोष्ट निराळी. आम्ही सांगत आहों ती तान्ह्या वयाची गोष्ट आहे.

आणि ज्यांचें तें वय तसें गेलें, त्यांचें सर्व संपलें असेंहि नव्हे. रुमानियाच्या संस्थांतून इंग्लंडांत दत्तक गेलेल्या १६५ मुलांचा मायकेल रटर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं मोठेपणापर्यंत मागोवा घेतला. सहा महिन्यांच्या आंत आलेलीं मुलें जवळजवळ इतरांसारखीं झालीं. त्याहून अधिक काळ संस्थेंत राहिलेल्यांपैकीं पुष्कळांस अस्वस्थपणा व माणसांत मिसळण्याची अडचण तारुण्यांतहि जाणवत राहिली. पण बालपणीं मागें असलेली त्यांची बुद्धि तारुण्यांत सर्वसाधारण पातळीस आली, आणि त्यांच्यापैकीं सुमारें पांचांतील एकास तर कधींहि कसलाच त्रास आढळला नाहीं. तो कां आढळला नाहीं, याचें पुरतें उत्तर शास्त्रास अजून देतां आलेलें नाहीं.

रुमानियानें २००४ सालीं कायदा करून दोन वर्षांखालील मुलास, त्यास गंभीर अपंगत्व नसल्यास, संस्थेंत ठेवण्यास बंदी केली. ज्या ६८ मुलांची चिठ्ठी निघाली नव्हती त्यांपैकीं बरींच मुलेंहि पुढील वर्षांत संस्थेबाहेर पडलीं; कांहीं सरकारनें नव्यानें काढलेल्या प्रतिपालक घरीं गेलीं, कांहीं आपल्या आईबापांकडे परत गेलीं. शास्त्रज्ञांनीं हिशेबांत मात्र त्यांस शेवटपर्यंत संस्थेच्याच गटांत धरलें, कारण चिठ्ठीनें त्यांस तेथें ठेविलें होतें आणि गट मागाहून बदलला तर तुलना बिघडते. त्यामुळें दोन गटांत जें अंतर दिसलें तें असावयास हवें होतें त्याहून कमीच दिसलें असावें. तीं सर्व मुलें आतां विशी ओलांडून गेलीं आहेत.